जमीन दिसण्याआधीच विकलेलं शहर

प्रश्न : मुलाच्या अ‍ॅडलेडमधल्या घराच्या जुन्या नकाशावर ‘टाउन एकर’ आणि पुढे आकडा आहे. घराची जागा तर दोन गुंठेही भरत नाही. हा एकर कुठला, आणि त्याचा पहिला मालक कसा सापडेल? (नाशिक)

उत्तर : तो आकडा १८३७ चा आहे. वसाहतीचे मुख्य मोजणी अधिकारी कर्नल विल्यम लाइट यांनी जानेवारी ते मार्च १८३७ मध्ये शहर मोजून १,०४२ एकर पाडले : टॉरेन्स नदीच्या दक्षिणेला ७००, उत्तरेला ३४२. एक एकर म्हणजे सुमारे २०९ फुटांचा चौरस.

विक्री मात्र त्याआधीच, लंडनमध्ये झाली होती. ३५,००० पाउंडांची जमीन विकल्याशिवाय दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत सुरू करायची नाही, अशी १८३४ च्या कायद्याची अट. सुरुवातीचा भाव एकरी १ पाउंड; ८१ पाउंडांत ८० एकर शेतजमीन आणि शहरातला एक एकर. गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून भाव १२ शिलिंगांवर आला (२० शिलिंग म्हणजे १ पाउंड). त्याच ८१ पाउंडांत आता १३४ अधिक १ एकर. असे ४३७ हुकूम, म्हणजे आधी पैसे भरून जमिनीचा हक्क देणारे कागद, खपले; त्यांतले १०२ एकट्या साउथ ऑस्ट्रेलियन कंपनीने उचलले. ४३७ गुणिले ८१ करून बघा, अट जेमतेम पुरी होते. मूळ रहिवाशांच्या (अ‍ॅडलेडच्या भागात ते कौर्ना लोक) जमिनीवरच्या वहिवाटीला धक्का लावू नये, असं राजाच्या १८३६ च्या सनदेत लिहिलेलं होतं. जमीन वाटताना ते पाळलं गेलं नाही.

हुकूमवाल्यांनी मार्च १८३७ मध्ये चिठ्ठ्यांनी ठरलेल्या क्रमाने एकर निवडले. उरलेल्यांचा लगेच लिलाव झाला, सरासरी ६ पाउंडांच्या थोडा वर. शेतजमिनीची मोजणी मागे पडली, पहिली निवड १८३८ उजाडल्यावर. तोवर हातोहात फिरला तो कागदच. नंतर मालकांनी एकराचे तुकडे पाडून मधून खासगी बोळ काढले. तुमचे दोन गुंठे त्यातलेच.

शोध घरक्रमांकाने घेऊ नका, तो बदललेला असू शकतो. आजच्या मालकीपत्रावरचा खंड व पान क्रमांक घ्या. त्यावर आधीच्या पत्राचा क्रमांक मिळतो. तसं मागे जात, १८५८ च्या नव्या नोंदणी कायद्यानंतरच्या (तो पुढच्या उत्तरात) पहिल्या नोंदणी-अर्जापर्यंत पोहोचा. त्या अर्जाच्या आधीची खतं जुन्या नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात. शेवटी एकराचा आकडा मूळ खरेदीदारांच्या यादीशी ताडा. तिथे कंपनीचं किंवा लंडनच्या गुंतवणूकदाराचं नाव निघालं तर तो तिथे राहत होता असं समजू नका. कित्येकांनी ऑस्ट्रेलिया पाहिलीही नाही.

प्रश्न : अ‍ॅडलेडमध्ये घर घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट लागत नाही म्हणतात. खरं का? (सांगली)

उत्तर : मालकीपुरतं खरं. जुन्या पद्धतीत प्रत्येक विक्रीला खतांची सगळी साखळी तपासावी लागे. एक खत गहाळ झालं की मालकी लटकली. ही पद्धत बदलणारे रॉबर्ट टॉरेन्स हे दक्षिण ऑस्ट्रेलियात जकात अधिकारी होते. जहाजाची मालकी नोंदवहीत नाव बदलून जाते, तशीच जमिनीची जावी, हा त्यांच्या १८५८ च्या कायद्याचा गाभा. नोंद हीच मालकी, आणि तिची हमी सरकारची. आपल्या सातबाऱ्याला तेवढं बळ नाही : महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती नोंद, उलट सिद्ध होईपर्यंतच, खरी मानतात. म्हणून इथला सर्च रिपोर्ट सोडू नका.