अनलेस, अनटिल, लेस्ट यांच्यानंतर ‘नॉट’ का लावायचं नाही?

तुम्ही विचारलं की ‘अनलेस यू डोन्ट कम’ लिहिलं की चूक का देतात, मराठीत तर आपण ‘तू येत नाहीस तोपर्यंत’ असंच म्हणतो ना. मी नागपूरला नंदनवनात दहावी-बारावीच्या पोट्ट्यांची इंग्रजीची ट्यूशन घेते, दरवर्षी प्रत्येक बॅचमध्ये ही चूक येतेच, आणि खरं सांगते यात पोरांचा दोष नाही. ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही’, बघा, दोन्हीकडे नाही. वर आमच्या इकडे घरी मराठी अन बाहेर बाजारात हिंदी, आणि हिंदीतही ‘जब तक तू नहीं आता’ असंच, म्हणजे तो नाही दोन दोन भाषांतून कानात बसलेला असतो, तो इंग्रजी लिहितानाही आपोआप येऊन राहतो.

अनलेसच्या पोटातच ‘नाही’ आहे, त्याचा अर्थच ‘इफ नॉट’. त्यामुळे बोर्डाच्या पेपरात ‘युज अनलेस’ आलं की इफ आणि नॉट दोन्ही उडवायचे. ‘इफ यू डोन्ट हरी, यू विल मिस द मेट्रो’ याचं ‘अनलेस यू हरी, यू विल मिस द मेट्रो’. आणि अनलेसच्या भागात विल लावायचं नाही, पुढची गोष्ट असली तरी साधा वर्तमानकाळच.

अनटिल मात्र वेगळं आहे, त्याच्या पोटात ‘नाही’ नसतोच, तो फक्त वेळेची हद्द सांगतो. ‘आय वोन्ट ईट अनटिल यू कम’. इथला ‘नाही’ जेवण्याच्या भागात आहे, येण्याच्या भागात नाही.

लेस्टला पोरं सगळ्यात जास्त घाबरतात आणि मला तोच सगळ्यात सोपा वाटतो, कारण तो आपला ‘नाहीतर’ आहे. मे महिन्यात आई ओरडते ना, दुपट्टा बांध नाहीतर ऊन लागेल. ‘नाहीतर ऊन लागणार नाही’ असं कोणी म्हणतं का? तसंच ‘कव्हर युअर हेड लेस्ट यू शुड गेट अ सनस्ट्रोक’. पुढे शुड घ्या नाहीतर क्रियापदाचं मूळ रूप घ्या, पण विल नको अन नॉट तर अजिबात नको. बोलताना लेस्ट फारसं कोणी वापरत नाही, लिहिण्यात आणि परीक्षेत येतं.

नायदर-नॉर तर आपल्याकडे जसंच्या तसं आहे, ‘ना फोन आला ना मेसेज’. तिथे आपण तिसरा ‘नाही’ घालत नाही, मग ‘आय डोन्ट नो नायदर तमिळ नॉर तेलुगू’ का लिहायचं, ‘आय नो नायदर तमिळ नॉर तेलुगू’ लिहा. क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे, म्हणून ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर देअर’. आणि नॉरनं नवं वाक्य जोडलं की प्रश्नासारखी उलटी रचना होते, ‘ही डिडन्ट कॉल, नॉर डिड ही मेसेज’.

एक राहिलंच, प्रत्येक इफ-नॉटचं अनलेस होत नाही. ‘आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डझन्ट कॉल’, इथे त्याचं फोन न करणं हेच आश्चर्याचं कारण आहे, म्हणून इथे अनलेस घातलं की वाक्य बिघडतं. ‘हे सोडून’ किंवा ‘याशिवाय’ घालून वाक्य मराठीत नीट बसत असेल तरच अनलेस घ्या.