गुरुत्वीय लहरी आणि फिश फाइंडर

हर्णैच्या एका बोटमालक वडिलांनी विचारलंय: 'मुलगी अकरावी सायन्सला आहे. गुरुत्वीय लहरींवरच काम करायचं म्हणते. घरचे म्हणतात, गपचूप इंजिनीअरिंगला घाला. हिंगोलीला लायगो होतंय, तिथे नोकरी लागेल का?'

सप्रेम नमस्कार.

गुरुत्वीय लहरी म्हणजे प्रचंड जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग, आणि लायगो म्हणजे ते टिपणारं यंत्र. हिंगोलीच्या एका नोकरीवर हिशेब मांडू नका. २०२३ मध्ये त्या प्रकल्पाला सुमारे २६०० कोटींची मंजुरी मिळाली खरी, पण उभारणीला वेळ लागतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडली ती जाता जाता लिहिलेली गोष्ट. फिश फाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, ठिपकेच ठिपके दिसत होते, लेकीने इंजिन बंद करायला लावलं, ठिपके गेले आणि दोष इंजिनवर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या वायरिंगचा निघाला. अहो, या क्षेत्रातलं निम्मं काम हेच! १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने पहिली लहर टिपली, तेव्हा ४ किलोमीटरच्या भुजेची (लेझर धावतो त्या नळीची) लांबी बदलली होती प्रोटॉनच्या जाडीहून शेकडो पटींनी कमी. समुद्राच्या लाटांनी जमीन थरथरते, तेसुद्धा या यंत्राला जाणवतं. मग खरी खूण कुठली आणि खडखडाट कुठला, हे शोधत बसायचं. लेझर, निर्वात नळ्या, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग, सगळंच लागतं. त्यामुळे इंजिनीअरिंग केलं तरी ही वाट बंद होत नाही.

आता पद्धतीही वाढल्यात. एक लहर पुढे सरकायला काही वर्षं घेत असेल तर जमिनीवरचं यंत्र तिला पकडू शकत नाही. तिथे पल्सार, म्हणजे गरगर फिरत रेडिओ ठोके पाठवणाऱ्या ताऱ्यांचे नियमित ठोके घड्याळासारखे वापरतात. ठोका किंचित लवकर-उशिरा आला की संशय घ्यायचा. २०२३ मध्ये अशा लहरींचे पुरावे जाहीर झाले, त्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता. युरोपचा लिसा प्रकल्प तर तीन यानं २५ लाख किलोमीटर अंतरावर ठेवून अवकाशातूनच मोजणार आहे.

फिजिक्सच घ्यायचं ठरलं तर बारावीनंतर आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा द्यावी. नाही जमलं तर जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करून जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा. पीएच.डी. धरून दहा-अकरा वर्षं जातात, हे आत्ताच घरात बोलून घ्या. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये, म्हणजे तेव्हा घरून पैसे मागायची वेळ सहसा येत नाही. गणित कच्चं असेल तर मात्र ट्यूशनपेक्षा रोजचा सराव बघा.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. एक दिवस बोट नांगरावर ठेवा आणि तिला घेऊन जा. ठिपक्यांची गोष्ट तिथल्या एखाद्या इंजिनीअरला तिनेच सांगू दे.