राज्याचा कायदा असताना काऊंटी नेमबाजीवर बंदी घालू शकते का?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यापुरते उत्तर द्यायचे तर, काऊंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा स्थानिक प्रशासकीय विभाग) मर्यादित अर्थाने अशी बंदी घालू शकते. राज्य कायद्याच्या ९.४१.२९० या कलमाने बंदुकीची नोंदणी, परवाने, विक्री, बाळगणे हे सारे विषय राज्याकडेच ठेवले असून, त्यांच्याशी विसंगत स्थानिक नियम रद्दबातल ठरतो. मात्र लगतच्या ९.४१.३०० या कलमानुसार, जिथे माणसे, पाळीव जनावरे किंवा मालमत्ता धोक्यात येण्याची वाजवी शक्यता असेल, तिथे गोळी झाडण्यावर काऊंटीला निर्बंध घालता येतात. त्यामुळे दाट वस्तीत परसात डबे मांडून चाललेला सराव रोखता येतो. बंदूक बाळगण्यावर मात्र त्या निमित्ताने गदा आणता येत नाही, आणि स्वसंरक्षणाचा घटनादत्त हक्कही अबाधित राहतो. धोक्याचा विचार न करता निर्जन रानालाही लावलेली सरसकट बंदी, माझ्या मते, न्यायालयात टिकणे अवघड आहे.