ऐरोलीच्या सामूहिक भाजीबागेतील प्रश्न आणि पावसापूर्वीची कामे

ऐरोली येथे खाडीलगतच्या भरावाच्या जागेवर प्रत्येक कुटुंबाला एक याप्रमाणे २६ वाफे पाडून भाजीबाग करणाऱ्या सभासदांनी चार प्रश्न लिहून पाठवले आहेत. गेल्या पावसाळ्यात रोपे पिवळी पडून मेली आणि आता वाफ्यांवर पांढरा थर दिसतो, त्याचे कारण काय. शिराळी आणि काकडी आतून किडतात, त्यावर कोणते औषध फवारावे. गावी गेलेल्या सभासदांच्या वाफ्यांत गवत माजते, त्याचे काय करावे. आणि एकाच्या मांडवाची सावली शेजाऱ्याच्या वाफ्यावर पडते, त्यावर उपाय कोणता, असे ते प्रश्न आहेत. गेल्या शनिवारी मी ही बाग स्वतः पाहून आले, म्हणून उत्तरे जागेला धरून देत आहे.

पांढरा थर मिठाचा आहे. बागेच्या मधल्या एका वाफ्यात मी खुरप्याने उकरून पाहिले, तेव्हा वरची चार बोटे माती कोरडी आणि भुरभुरीत होती, पण वीतभर खाली निळसर करड्या रंगाची, चिकट आणि ओली माती लागली. ही जुनी खाडीची माती आहे. उन्हाळ्यात वरचा थर तापला की खालचा ओलावा वर ओढला जातो, पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार पृष्ठभागावर राहतात. पावसाळ्यात हीच चिकण माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. सभासदांनी पिवळेपणा पाहून युरिया दिला होता; मुळे गुदमरलेली असताना खत देऊन उपयोग होत नाही, उलट क्षारांत भरच पडते.

यावरचा उपाय ठाणे-रायगडच्या खारेपाटातील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साचू द्यायचे, मीठ त्यात विरघळले की ते उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दारातून, सोडून द्यायचे आणि त्यानंतरच भाताला हात लावायचा. आपल्या बागेत उघाडी नाही, पण तिचे काम चरांनी होईल. वाफे एक फूट उंचीचे गादीवाफे करावेत, दोन वाफ्यांमध्ये फूटभर खोल चर काढावा आणि सर्व चर बागेच्या पश्चिमेकडील मोठ्या गटाराकडे एकाच उतारावर नेऊन मिळवावेत. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते, परंतु पहिल्या सरींवर थेट वाफ्यात बी टोकण्याची घाई करू नये. दोन-तीन जोराचे पाऊस वाफ्यांवरून वाहून जाऊ द्यावेत. तोवर शिराळे, कारले, काकडी आणि पडवळ यांची रोपे पिशव्यांत तयार करावीत आणि जूनच्या अखेरीस लावावीत. पेरणीपूर्वी बियांना किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी चोळल्यास रोपे कोलमडण्याचे प्रमाण कमी होते.

हे काम सर्वांनी एकाच दिवशी करणे आवश्यक आहे, आणि माझ्या पाहणीत त्याचे कारण डोळ्यांसमोर आले. एका सभासदाने वाफा रुंद करण्यासाठी शेजारचा चर विटा-मातीने बुजवला आहे, आणि गेल्या वर्षी सर्वाधिक रोपे मेली ती त्याच्या वरच्या बाजूच्या तीन वाफ्यांत. हेतू वाईट नव्हता. त्याचा स्वतःचा वाफा छान निथरत होता, त्यामुळे त्याला ते कळणेही शक्य नव्हते. चर मोकळा करण्याचे काम पुढच्या रविवारी पहिले व्हावे. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर, वाफ्यांवर भाताचा पेंढा किंवा सुका पालापाचोळा चार बोटे जाडीने पसरावा, म्हणजे मीठ पुन्हा वर येणार नाही.

जिप्सम टाकावे का, असेही एका ताईंनी विचारले आहे. मातीची चाचणी झाल्याशिवाय टाकू नये. जिप्समचा उपयोग चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या, जमिनीला होतो, केवळ क्षार जास्त असतील तर निचरा आणि पाणी हेच औषध आहे. बागेतील आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे घेऊन, त्यांच्या कडेची माती एकत्र मिसळून, अर्धा किलो नमुना कापडी पिशवीत भरावा. बोअरवेलच्या पाण्याची बाटलीही सोबत द्यावी. मातीतले क्षार दाखवणारी विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आली तर घेवडा, गाजर आणि कांदा या वर्षी टाळावेत. पालक आणि बीट मात्र बरेच मीठ सोसतात.

फळे आतून किडण्याचे कारण फळमाशी आहे. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी आतला गर खाते, फळ वाकडे होऊन गळते आणि अळी मातीत शिरून कोषात जाते. अळी फळात असताना फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून गेल्या वर्षीचे तिन्ही फवारे वाया गेले. बागेत एक सापळा टांगलेला दिसला, त्यात एकही माशी नव्हती. त्यात आंब्याच्या फळमाशीसाठी असलेले मिथिल युजेनॉल हे आमिष होते. वेलभाज्यांच्या माशीला क्यूल्युअर लागते, आणि दुकानातून आणताना हे नाव स्पष्ट सांगावे. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे एकाने लावून भागत नाही. बागेत सहा सापळे सर्वांच्या खर्चाने, वेल फुलावर येण्यापूर्वी लावावेत. किडकी फळे कंपोस्टच्या ढिगात मुळीच टाकू नयेत; तसे केल्यास आपणच पुढची पिढी पोसतो. ती रोज वेचून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवावीत किंवा दोन फूट खोल पुरावीत, आणि वेलाखालची माती आठवड्यातून एकदा हलवावी. कोवळ्या फळांवर कागदी पिशवी चढवणे हा कष्टाचा उपाय आहे, पण २६ वाफ्यांच्या बागेत तो सहज जमतो. संध्याकाळी मुले बागेत खेळतात, हे लक्षात घेता विषारी औषधांची गरज तेथे नाही.

गवताच्या वाफ्यांबाबत वाद वाढवू नये. सभासद १५ दिवसांहून अधिक काळ गावी जाणार असेल तर त्याने किल्ली आणि वाफा शेजाऱ्याकडे सोपवावा, तोडलेली भाजी शेजाऱ्याने घ्यावी, आणि गवत फुलावर येण्यापूर्वी बेणणी व्हावी, एवढा नियम पुरेसा आहे. पाण्याच्या पिंपांवर जाळी बांधावी, कारण उघड्या पिंपात डास होतात.

सावलीचा प्रश्न मांडवाची जागा बदलल्यास सुटेल. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेकडे असतो. उरलेले वर्षभर तो दक्षिणेकडे असतो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणून प्रत्येकाच्या वाफ्यातील स्वतंत्र मांडव काढून उत्तर कुंपणालगत सर्वांचा एकच लांब मांडव उभारावा, आणि प्रत्येक कुटुंबाला तेथे दोन वेल द्यावेत. हिवाळ्यात त्याची सावली बागेबाहेर पडेल, आणि मोकळ्या झालेल्या वाफ्यांत मुळा, मेथी व वाल यांना पूर्ण ऊन मिळेल. गावठाणातील दोन आजी या बागेच्या सभासद आहेत आणि त्यांच्याकडे घरचे वालाचे बी आहे. सभासदांनी या वर्षी तेच लावावे आणि जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याचा बेत, लावण्याचा मान त्यांना द्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मांडवाचे बांबू चरांचे काम पूर्ण झाल्यावरच रोवावेत, कारण उत्तर कुंपणाजवळचा चर सर्वांत लांब आहे आणि बांबू रोवल्यावर तेथे फावडे चालणार नाही.