डी वन म्हणजे नेमकं कुठं?

प्रश्न : डॉक्टर, मिस्टरांचं वय ४६. रात्री दोन-अडीचला पोटात कळ येऊन जाग येते, दोन बिस्किटं आणि दूध घेतलं की थांबते. दुर्बिणीच्या तपासणीत ‘डी वन अल्सर, डी टू नॉर्मल’ आलंय. हे जठर की आतडं? सासूबाई म्हणतात पित्त आहे, मिरची बंद करा. गुडघ्यासाठी ते मेडिकलमधून पेनकिलर आणून घेतात, ते चालेल का?

उत्तर : ताई, हे आतडंच, लहान आतड्याचा अगदी पहिला तुकडा. शाळेच्या पुस्तकात आद्यांत्र, आम्ही ड्युओडेनम म्हणतो, लॅटिनमधल्या ‘बारा’वरून नाव पडलं कारण लांबी साधारण बारा बोटं, बोटं आडवी एकाला एक लावून मोजायची, म्हणजे एक वीत नि वर थोडं. इंग्रजी सी अक्षरासारखा वळून तो स्वादुपिंडाचं डोकं कवेत घेतो, आणि त्याचे चार भाग आहेत म्हणून डी वन ते डी फोर.

आता जखम डी वनलाच का, तर जठरातलं ऍसिड सगळ्यात आधी तिथं येऊन पडतं. ते मारणारा स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस आणि यकृताकडून येणारं पित्त पुढे डी टूमध्ये एका छोट्याशा उंचवट्यावरच्या तोंडातून उतरतात. डी वनच्या वाट्याला भिंतीतल्या ग्रंथींचा चिकट, अल्कली स्राव तेवढा असतो, ते अस्तर दुबळं झालं की ऍसिड चरत जातं. ऍसिड आलं की आतड्याचं अस्तर रक्तात सिक्रेटिन सोडतं आणि त्या निरोपावर स्वादुपिंड रस पाठवतं. लंडनमध्ये १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग यांनी हे दाखवलं, ओळखलं गेलेलं पहिलं हार्मोन हेच, मला अजूनही शिकवताना भारी वाटतं.

सासूबाई ज्याला पित्त म्हणतात ते हे ऍसिडच, खरं पित्त वेगळं. मिरचीने जळजळ वाढेल, पण अल्सर मिरचीने होत नाही. तो बहुतेकदा एच. पायलोरी या जंतूमुळे किंवा पेनकिलरमुळे होतो. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन बघितला आणि त्यांना जठराची सूज आली, पुढे २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. बिस्किटाने बरं वाटतं कारण अन्न थोडा वेळ ऍसिड शोषतं, पोट रिकामं झालं की पुन्हा कळ.

तर पेनकिलर आजपासून बंद, गुडघ्यासाठी दुसरं काय घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रिपोर्टच्या खाली ‘आरयूटी’ लिहिलंय का बघा, ती जंतूचीच टेस्ट. पॉझिटिव्ह असेल तर अँटिबायोटिकचा कोर्स मिळेल, दोन-तीन दिवसांत बरं वाटलं तरी मध्येच सोडू देऊ नका, आणि संपल्यावर महिनाभराने जंतू गेला का ते परत तपासून घ्या. आणि शी डांबरासारखी काळी, चिकट झाली (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण त्या चालू नसतील तर), रक्ताची उलटी झाली किंवा अचानक पोट दगडासारखं कडक झालं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.