एअर सस्पेन्शन नंतर, आधी बाबांच्या त्या ‘एफडी’चे कागद काढा

नागपूरच्याच एका वाचकाचं पत्र आहे, थोडं कापून देतो.

“सर, आजोबांची १९५१ ची शेवरोले पिकअप आहे, काटोलहून संत्रा मार्केटला संत्री आणायची ती. दहा वर्षं गोठ्यात उभी होती, मी दोन वर्षं खपून चालू केली. आता तिला एअर सस्पेन्शन टाकून पुढून खाली बसवायची आहे, बटन दाबलं की खाली, बटन दाबलं की वर. वाडीच्या गॅरेजवाल्याने ३ लाख ४० हजार सांगितले. पगार हातात ६८ हजार, घराचा हप्ता २४ हजार. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी मिळून राहिलं, तीन वर्षांसाठी. की बाबांची एफडी मोडू? बाबा वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोळसा कंपनी) रिटायर, वय ६४, पेन्शन १९ हजार. त्यांची २१ लाखांची एफडी गेल्या वर्षी संपली तेव्हा बँकेतल्या मॅडमनी नवीन करून दिली, वर्षाला ३ लाख असे ७ वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षाच्या शेवटी ३६ लाख, वर ३० लाखांचा विमा फ्री. बाकीचे १८ लाख सेव्हिंगला आहेत, हप्ते त्यातूनच कापले जातील, दुसरा पुढच्या महिन्यात. आणि मॉडिफाय केलेल्या क्लासिक गाड्या २०-२५ लाखाला जातात म्हणतात, म्हणजे ही गुंतवणूकच ना?”

भाऊ, लोनचं आधी उरकतो. ३ लाख ४० हजार, १४ टक्के, तीन वर्षं, म्हणजे हप्ता साडेअकरा हजारांच्या वर आणि व्याज पाऊण लाखापेक्षा जास्त. तेच बारा हजार दर महिन्याला आरडीत टाकले तर सव्वादोन वर्षांत सगळे पैसे तुमच्या हातात. गाडी दहा वर्षं थांबली, अजून दोन वर्षं थांबेल. लोन नको. झालं.

आता ती एफडी. तुमचं पत्र मी त्या ओळीसाठी तीनदा वाचलं. एफडीत वर्षाला ३ लाख ‘भरायचे’ नसतात. एफडीवर विमा फ्री नसतो. हप्ता, सात वर्षं, पंधरा वर्षं, ३० लाखांचं कव्हर, ही सरळ सरळ विम्याची पॉलिसी आहे, आणि ती बँकेच्या काउंटरवरून विकली म्हणून तुमच्या घरात सगळे तिला एफडी म्हणून राहिले. मोडायला गेलात तर मोडायला एफडीच नाही तिथे.

आणि अजून एक गोष्ट, ती जास्त गंभीर आहे. ६४ वर्षांच्या माणसाला ३० लाखांचं कव्हर देऊन वर ३६ लाख परत, असं ३ लाखांच्या हप्त्यात कोणी देत नाही. माझा अंदाज असा की विमा बाबांचा नाहीच, तुमचा आहे. गेल्या वर्षी त्या मॅडमनी तुमचं आधार, तुमची सही, तब्येतीचे प्रश्न असलेला फॉर्म घेतला होता का आठवून पाहा. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘लाइफ अश्युअर्ड’समोर कोणाचं नाव आहे ते आजच वाचा. तुमचं असेल तर अर्थ असा होतो की बाबांच्या आयुष्यभराच्या पैशातून तुमच्या जिवाचा विमा चालू आहे, आणि उद्या बाबांना काही झालं तर आईला त्या ३० लाखांतला एक रुपया येणार नाही, उलट पुढचे हप्ते कोण भरणार हा प्रश्न उभा राहील. तुमच्या आईचा पत्रात कुठेच उल्लेख नाही, मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटून राहिली.

हिशोब करू. २१ लाखांचे ३६ लाख ऐकायला छान वाटतं. पण सात हप्ते वेगवेगळ्या वर्षी जातात, सरासरी धरली तर पैसा बारा वर्षं अडकतो. बारा वर्षांत २१ चे ३६, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. साडेचार! पोस्टातली सिनियर सिटिझन स्कीम आज ८.२ टक्के देते, सरकारची हमी, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात. आणि ३६ लाख हातात येतील तेव्हा बाबा ७८-७९ वर्षांचे असतील. पेन्शन १९ हजार, कोळसा पेन्शनला महागाई भत्ता नाही, तो आकडा तिथेच राहणार आणि किराणा, औषधं, वीजबिल वाढत जाणार. बाबांना पैसा आज लागतो, उद्या लागतो. ऐंशीच्या उंबरठ्यावर एकदम ३६ लाख घेऊन ते काय करतील सांगा.

त्यात ते १८ लाख सेव्हिंगला पडून आहेत हप्त्यांची वाट पाहत. सेव्हिंगवर अडीच-तीन टक्के मिळतात, म्हणजे त्या स्कीमच्या मानाने तिकडेच ह्या एका वर्षात लाखभर रुपये जाऊन राहिले, आणि कोणाच्या लक्षातही नाही.

आता तुम्ही म्हणाल, पण सर ३ लाख भरून झाले, ते सोडायचे का. हाच प्रश्न माझ्या घरात आला होता. माझ्या मोठ्या काकांना रिटायरमेंटनंतर अशीच पॉलिसी एफडी म्हणून दिली, बँकेचं नाव लिहीत नाही, आणि ‘भरलेले बुडतील’ ह्या एका भीतीने त्यांनी पुढचे चार हप्ते भरले, शेवटचे दोन तर शेतीच्या पैशातून. मी तेव्हा ह्या धंद्यात नवीन होतो, जोर देऊन थांबवलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला जोर देऊनच सांगतो.

सगळ्यात वाईट धरा, ३ लाखांतलं शून्य परत आलं. तरी पुढचे १८ लाख तुम्ही अजून भरलेले नाहीत, ते तुमचे आहेत. ते भरले तर पंधराव्या वर्षाच्या शेवटी ३६ मिळतात, म्हणजे साधारण साडेअकरा वर्षांत दुप्पट, सहा टक्के. तेच पैसे त्याच काळासाठी ८.२ ने वाढले तर ४४ लाखांच्या आसपास. हा दर पंधरा वर्षं राहणार नाही, स्कीममध्ये तो पाच वर्षांपुरताच बांधलेला असतो, म्हणून सातच टक्के धरा, तरी ३९ होतात. म्हणजे ३ लाखांवर पाणी सोडूनही थांबलेलं बरं. टॅक्सचं टेन्शन नको, बाबांची पेन्शन आणि हे व्याज मिळून चार लाखांच्या आत राहतं, इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत त्यावर टॅक्सच नाही. पाच-सहा हप्ते भरून झाले असते तर मी वेगळं सांगितलं असतं, तिथे गणित फिरतं. एकाच हप्त्यावर आहात, हे नशीब समजा.

आणि शून्य मिळेल असंही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले, त्यानंतरच्या पॉलिसीत एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरला आणि पहिलं वर्ष पूर्ण झालं की काहीतरी सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर परत मिळणारे पैसे, द्यावीच लागते. आधी दोन वर्षं भरल्याशिवाय काहीच मिळत नव्हतं, आणि बँकेतले लोक अजूनही तेच जुनं ऐकवून दुसरा हप्ता काढून घेतात. तुमची पॉलिसी गेल्या वर्षीची आहे, म्हणजे नव्या नियमातली. वर्ष पूर्ण होऊ द्या, हप्ता भरू नका, खात्यातून आपोआप कापायचं जे मँडेट दिलंय ते बँकेत लेखी अर्ज देऊन तारखेच्या आधी बंद करा, अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या. मग विमा कंपनीला, बँकेला नाही, कंपनीला ईमेल करा की सरेंडर केलं तर किती आणि पेड-अप (पुढे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू) ठेवलं तर किती. सोबत तक्रारही टाका की आमच्या वडिलांना हे एफडी सांगून विकलं, मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर जोडा, ‘एफडी’ हा शब्द लिहिलेला एक मेसेज सापडला तरी फार कामाचा. कंपनीने महिनाभरात नीट उत्तर दिलं नाही तर बीमा भरोसा पोर्टल आहे, विमा लोकपाल आहे, वकील लागत नाही आणि फीही नाही. पॉलिसी पटली नाही तर परत करायची ३० दिवसांची मुदत असते, ती तुमची गेली, त्यावर वेळ घालवू नका.

बँकेत गेलात की मॅडम गोड बोलतील, मॅनेजर चहा पाजेल, ‘एवढा एक हप्ता भरा’ म्हणतील. नाही भरायचा.

१८ लाखांतले १५ लाख बाबांच्या नावाने सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, आईला नॉमिनी करा, जीपीओत जा नाहीतर घराजवळच्या पोस्टात. दर तिमाहीला ३० हजार ७५० येतील, महिन्याला दहा हजारांच्या वर, म्हणजे १९ हजारांची पेन्शन २९ हजार झाली. उरलेले ३ लाख खरोखरच्या एफडीत, दवाखान्यासाठी. आणि तुमचा स्वतःचा विमा तुम्ही तुमच्या पगारातून घ्या, साधी टर्म पॉलिसी, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही. तीच हवी.

आता गाडी. गाडीचं मी मनापासून लिहितो, कारण आजोबांची गाडी गोठ्यातून काढून रस्त्यावर आणणं ही छोटी गोष्ट नाही.

तुम्ही अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले असणार, त्यात पुढची कॉइल स्प्रिंग काढतात, त्या जागी हवेची रबरी बॅग बसवतात, मागे कंप्रेसर, टाकी, व्हॉल्व, झालं. ते बहुतेक १९६३ नंतरच्या शेवरोले सी-१० असतात, त्यांना पुढे कॉइल स्प्रिंगच आहे. तुमची १९५१ ची आहे, तिच्या पुढे अखंड आडवा ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. पाटा नुसतं वजन घेत नाही, ॲक्सल जागेवर धरून ठेवायचं कामही तोच करतो. पाटे काढून बॅग बसवली तर ॲक्सल धरायला वेगळे रॉड लागतात, पुढेमागे सरकू नये म्हणून आणि डावीउजवीकडे जाऊ नये म्हणूनही, त्यासाठी चेसिसवर वेल्डिंग, मग स्टेअरिंगचा रॉड आणि ब्रेकचा होज वरखाली होताना ताणला जातो का ते पाहावं लागतं. तुमच्या ३ लाख ४० हजारांच्या कोटेशनमध्ये ह्यातलं काय आहे? गॅरेजवाल्याला एवढंच विचारा की पाटे काढल्यावर ॲक्सल कशाने धरणार. त्याने लगेच कागदावर काढून दाखवलं तर तो जाणकार, ‘होऊन जाईल’ म्हणाला तर तिथून निघा.

दुसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. बदल लपवला तर ॲक्सिडेंटनंतर विम्याचा क्लेम अडकतो. त्याहून महत्त्वाचं, जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाड्यांना विंटेज म्हणून नोंदणी मिळते, फी २० हजार, दहा वर्षं चालते, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. चेसिसवर वेल्डिंग मारलं की तो दरवाजा बहुतेक बंद. विंटेज नोंदणी घेतली तर रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच, म्हणजे रविवारी सहज फुटाळा तलावाला चक्कर मारता येणार नाही, हेही लक्षात घ्या. आणि आरसीत ती मालवाहू आहे की खाजगी ते आधी पाहा, संत्री वाहायची म्हणता म्हणून विचारतो.

म्हणून २०-२५ लाखांची आशा सोडा. कोणी विकली, कोणी घेतली, पावती कोणी पाहिली? ही गाडी तुमचा शौक आहे आणि शौकाला खर्च म्हणून पैसे काढायला माझी काहीच हरकत नाही, फक्त स्वतःच्या पगारातून. पुढून थोडी खाली हवीच असेल तर पाटेवाल्याकडून दुसऱ्या पाट्यांची कमान कमी करून बसवून घ्या, मूळ पाटे तेल लावून, गोणपाटात गुंडाळून जपून ठेवा, केव्हाही परत चढवता येतात. बटनावर वरखाली होणार नाही. पण कापाकापी नाही, खर्च किरकोळ, आणि आजोबांची गाडी आजोबांचीच राहते.

पॉलिसीचं पहिलं पान आणि कंपनीचं उत्तर, दोन्हींचे फोटो मला पाठवा, हप्त्याच्या तारखेआधी पाठवा, मी बाबांशी फोनवर बोलायलाही तयार आहे.