मधले पॅराग्राफ कसे पाडायचे (रोजगार हमीवरच्या असाइनमेंटच्या निमित्ताने)

तू लिहिलंयस की एम.ए. पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटवर सरांनी 'माहिती चांगली, मांडणी विस्कळीत' एवढंच लिहून वही परत दिली, आणि सुरुवात-शेवट जमतो पण मधले पॅराग्राफ कसे पाडायचे तेच कळत नाही, 'ताई काहीतरी सांगा'. तू नुसता प्रश्न न टाकता तुझा एक पॅरापण टाकलास ते फार बरं केलंस, नाहीतर हे सगळं हवेतच राहतं. थोडं लांबेल, पण सावकाश वाच.

तुझा पॅरा थोडा आखडून इथे घेते: '१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७७ मध्ये कायदा झाला. तसेच व्यवसाय कर लावण्यात आला. तसेच स्त्रियांनाही मोठ्या प्रमाणावर काम मिळाले. पुढे २००५ मध्ये केंद्र सरकारनेही असा कायदा केला. अशा प्रकारे ही योजना महत्त्वाची ठरली.'

यात माहिती म्हणून काहीच चुकलेलं नाही. पण हे वाचून झाल्यावर मी तुला विचारलं की बरं, मग तुझं म्हणणं काय, तर तू परत तीच माहिती सांगशील, कारण पॅरात तुझं म्हणणं कुठे आलेलंच नाहीये. आणि यात तुझा दोष नाही गं, आपल्याला शाळेत निबंधाखाली मुद्दे देतात आणि ते फुलवायला सांगतात, सगळे मुद्दे आले की मार्क पूर्ण. इथे प्रश्न आहे 'रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन करा', म्हणजे तुला काहीतरी ठरवून ते पटवून द्यायचंय. तर माझ्या मते पॅराग्राफ म्हणजे एक म्हणणं आणि ते पटेपर्यंतचा सगळा मजकूर. पटलं की पॅरा संपला, दुसरं म्हणणं आलं की दुसरा पॅरा, ओळी मोजत बसायची गरज नाही. (तरी विचारशीलच म्हणून सांगते, दीडशे ते दोनशे शब्द झाले की एकदा थांबून बघ, आत दोन म्हणणी घुसलेली असतात बऱ्याचदा.)

आता तुझाच माल घेऊन बघू. मी आधी कागदावर एक साधं वाक्य लिहीन, अगदी मैत्रिणीला सांगितल्यासारखं: 'दुष्काळी कामं आधीपण होती, नवीन होता तो हक्क.' हे झालं म्हणणं. मग पॅरा असा होईल:

'रोजगार हमीचे वेगळेपण तिने दिलेल्या हक्कात आहे. दुष्काळात सरकारने कामे काढणे नवे नव्हते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने त्यासाठी नियमच केले होते. मात्र दुष्काळ जाहीर करायचा की नाही आणि कामे कधी काढायची, हे सरकार ठरवत असे. १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याने हा क्रम उलटा केला: मजुराने काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते देणे सरकारवर बंधनकारक झाले, न दिल्यास बेकारी भत्ता देणे आले. म्हणजे दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता मजूर स्वतः काम मागू शकत होता आणि काम न मिळाल्यास जाब विचारू शकत होता.'

यात बघ, पहिलं वाक्य म्हणणं. मग आधी काय होतं, मग कायद्यात नेमकं काय आलं, तारखेसकट. आणि शेवटचं 'म्हणजे' ने सुरू होणारं वाक्य, ते तुझं स्वतःचं, कुठल्या पुस्तकातलं नाही. तुझ्या पॅरात नेमकं हेच वाक्य नव्हतं. पंधरा दिवसांची तरतूद तर कुणीही लिहील, पण तिच्यामुळे मजुराच्या बाजूने काय बदललं ते तू सांगायचंस, परीक्षक तेच शोधत असतो. म्हणून प्रत्येक पुराव्यानंतर स्वतःला विचारायचं, 'बरं मग?' आणि त्याचं जे उत्तर येईल ते लिहून टाकायचं.

आणि पागे, व्यवसाय कर, स्त्रिया, २००५, हे सगळं गेलं कुठे, तर बाहेर थांबलंय. व्यवसाय कराला स्वतंत्र पॅरा दे, तो फार दमदार मुद्दा आहे. १९७५ च्या कायद्याने नोकरदारांकडून कर घ्यायचा आणि गावातल्या मजुराच्या कामाला पैसा उभा करायचा, आजही आपल्याकडे पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ते हेच. यातून शहर आणि खेड्याचं नातं काय ठरलं यावर तुला बोलता येईल. पण ते हक्काच्या पॅरात कोंबलंस तर दोन्ही मरतात.

'तसेच' बद्दल मुद्दाम सांगते. मी तपासायला बसले की आधी 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'याशिवाय' वर गोल करते, कारण दोन वाक्यांचा संबंध आपल्यालाच माहीत नसला की हात आपोआप 'तसेच' लिहितो. तिथे 'कारण', 'त्यामुळे', 'तरीही', 'याउलट' यातला एखादा शब्द घालून बघ. बसला तर संबंध सापडला, एकही बसत नसेल तर ते वाक्य त्या पॅरातलं नाहीच.

माझं स्वतःचं एक सांगते. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची, कामावर मिळायची ती सुकडी पदराला बांधून पोरांसाठी घरी आणायची. माझ्या टर्म पेपरमध्ये मी हे कायद्याच्या कलमांच्या मधोमध घातलं होतं, कारण मला ते कुठेतरी यायलाच हवं होतं. गाइडनी त्याच्याभोवती पेन्सिलने चौकट केली आणि म्हणाल्या, 'हे काढू नकोस, पण हे इथे काय सिद्ध करतंय ते मला सांग.' मला सांगता येईना. दोन दिवसांनी कळलं की ती गोष्ट कायद्याच्या आधीची आहे, म्हणजे काम होतं पण मागायचा हक्क नव्हता, मुकादम ये म्हणाला तर जायचं. मग ती 'हक्क नव्हता तेव्हा काय होतं' या पॅरात गेली आणि तिथे इतकी घट्ट बसली की पुढे सगळा पेपरच त्या पॅरावर उभा राहिला. म्हणून म्हणते, जवळचा वाटणारा मजकूर फेकून देऊ नकोस, त्याची जागा शोध.

अजून एक, मराठीत क्रियापद शेवटी येतं त्यामुळे पहिलंच वाक्य चार ओळींचं केलंस तर तुझं म्हणणं कळेपर्यंत वाचणारा दमतो. पहिलं वाक्य आखूड ठेव, लांब वाक्यं मध्ये येऊ देत. आणि 'असे दिसून येते', 'असे म्हटले जाते' टाळ. कुणाला दिसतं, कोण म्हणतं ते लिही.

हे झालं की प्रत्येक पॅराचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर एकाखाली एक उतरव आणि मोठ्याने वाच. हक्क नवीन होता, त्याचा पैसा शहरातून आला, पण भत्ता प्रत्यक्ष हातात पडला का, आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्याने यातलं काय घेतलं. एवढ्या वाक्यांत तुझं म्हणणं पुढे सरकताना ऐकू आलं पाहिजे. कुठे अडखळलीस तर तिथला पॅरा एकतर चुकीच्या जागी आहे नाहीतर त्याला म्हणणंच नाहीये.

आता व्यवसाय कराचा पॅरा लिहून इथे टाक. फक्त तेवढाच, सगळी असाइनमेंट नको. रविवारी निवांत वाचून सांगते.